पंचवीस

अशोक चौकातून आत, पिठाच्या गिरणीवर पहिला मजला.
जिन्याला अठरा पायऱ्या.
गुडघेवाले चढून येतात
तेव्हा निम्मी तपासणी मी पावलांच्या आवाजावरच उरकते.

नरसूबाई येमूल आवाज न करता येते.
मान पुढे, पाठ मागे राहिलेली,
जणू सूप अजून मांडीवर आहे
आणि तंबाखू सांडू नये म्हणून ती जपून चालतेय.

"मेडा नोप्पी," म्हणते. मग माझ्यासाठी मराठीत,
"मान दुखते की ओ मॅडम. हितनं हितपत्तर."
हितपत्तर म्हणजे तर्जनीचं टोक,
जिथे पान वळतं.

एकतीस वर्षं, दिवसाला हजार.
मी लिहिते : मानेचा पाचवा-सहावा मणका, नस दबलेली.
गुणाकाराला फाईलमध्ये रकाना नाही.

पहिल्या दिवशी टॉवेलची गुंडाळी मानेखाली सरकवली
तर उठूनच बसली.
गुंडाळी सोडली, काठ चाचपला, उलटा करून पाहिला.
"ह्यो आमच्या मालकांच्या मागावरचा न्हाई.
त्यांचा काठ असा वाकडा जात नव्हता."
मालकांचा उजवा खांदा गोठला, माग भंगारात गेला.
आता ते एका गोडाऊनवर वॉचमन आहेत,
सलाम डाव्या हाताने करतात.

"हनुवटी मागे घ्या, मावशी.
मान वाकवायची नाही, नुसती मागे. दहा वेळा."
डोळे मिटून ती मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू…
दहाला मी म्हणते बास.
ती थांबत नाही.
पंचविसाला श्वास सोडते, डोळे उघडते.
"पंचवीसचा कट्टा असतोय. मधी सोडला तर मोकळा पडतो."
तेव्हापासून तिच्या कागदावर
दहा खोडून पंचवीस लिहिलंय,
आणि वजन कमी केलंय.

पाण्याच्या दिवशी ती येत नाही.
पाचव्या दिवशी नळ येतो, रात्री दोनला की तीनला.
दुसऱ्या दिवशी येते ती डावीकडे कललेली,
आणि मी तोंड उघडायच्या आत,
"भरल्या घागरी. मग काय नळाला व्यायाम सांगू?"

दर अर्ध्या तासाने मान वर करत जा, मी सांगितलं होतं.
"वर काय हाय?" तिने विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
पुस्तकात कोन दिलेला असतो,
वर काय आहे ते नसतं.

पंधरा दिवसांनी तिनेच सांगितलं.
कट्ट्याला दोरा गुंडाळताना ती वर बघते.
पत्र्याला खिळ्याचं भोक आहे.
त्यातून पडलेला उन्हाचा ठिपका
सकाळी स्टोव्हवर असतो, बाराला सुपात,
चारला नातीच्या दप्तरावर.
"दप्तरावर आला की माल घेऊन निघायचं. घड्याळ कशाला बघू?"
दिवसाला साठ-सत्तर विड्या कमी होतात, म्हणाली.
छाटही कमी निघते. ते मालकाला सांगू नका.

आज गर्दी होती. एप्रिल, त्रेचाळीस अंश,
पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता.
तिच्या खांद्याच्या गाठीवर अंगठा रोवला
आणि मीच थांबले क्षणभर.
तेवढं पुरलं तिला.
"तुझा अंगठा ठणकतोय."

नाही म्हणाले. नवव्या पेशंटनंतर रोज ठणकतो,
घरी बर्फ लावते, आईला दार लागलं म्हणून सांगते.
तिने वळून माझा हात ओढला,
अंगठा मुळाशी धरला
आणि तिच्या बधिर बोटाने, दुसऱ्या शहाण्या बोटाने
वळत वळत टोकापर्यंत नेला.
पुन्हा मुळापासून.

बाहेर बाकावर तिघे. खाली गिरणीचा पट्टा निसटला,
एकदम शांत झालं,
म्हणून ऐकू आलं, ती मोजतेय.
मान पार खाली घातलेली.
वर करा, असं म्हणायला हवं होतं.
मी पंचवीस होऊ दिले.