आकसणीची पट्टी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागल्या शेडमध्ये
मोनाप्पाच्या बाकड्यावर एक जुनं कॅलेंडर.
तपासणीला आलेल्या जपानी साहेबानं दिलेलं.
वर्ष संपलं, सप्टेंबर उलटला नाही.
धबधब्याखाली एक योद्धा,
पाठीवर गोंदलेला नाग, दातांत तलवार,
बगलेत त्याच्याहून थोरला मासा.

मी शिकाऊ. मला तलवार दिसायची.
मोनाप्पा चष्मा कपाळावर सरकवून
योद्ध्याच्या कानामागचा केस बघायचा.
'पोरा, ह्ये चित्र न्हवं, लाकूड हाय.
ह्यो केस कुणी काढलेला न्हाई.
दोन्ही अंगाचं लाकूड काढलंय,
केस ऱ्हायलाय.
कोरताना एक शिंक आली असती
तर वीर टकला.'
त्या दिवसापासून शिवणीच्या ठोकळ्यावर
पंपाचा इंपेलर कोरताना
मी शिंका गिळायला शिकलो.

पुढच्या खेपेला साहेबानं दुभाष्याकडून सांगितलं,
एदोच्या काळात
खऱ्या सरदारांची नावं छापायला बंदी असायची.
मग चित्रकार एखादं अक्षर बदलायचे.
चिलखत तेच, मिशी तीच, लढाई तीच,
नाव तेवढं जरासं खोटं.
लोक विकत घ्यायचे, आणि ओळखायचे.

मोनाप्पा इतका हसला की बाकड्यावरचा भुसा उडाला.
खिशातून रेशनकार्ड काढून त्यानं साहेबापुढं धरलं.
घरात, गल्लीत, देवळाच्या वर्गणीत तो मोनाप्पा सुतार.
कार्डावर कन्नडात: मौनेश बडिगेर.
बडिगेर म्हणजे सुतारच की, तक्रार कसली.
आणि गावाच्या नावाला शेवटी लागलेली वेलांटी,
तिचं काही तो बोलला नाही.

त्याच्याजवळ एक पट्टी आहे.
तिच्यावरचा फूट फुटाहून चिमूटभर मोठा.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न आधीच वाढीव करायचा.
एका जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचा हात पुसून,
ती पट्टी त्यानं योद्ध्याला लावली
टाचेपासून शेंडीपर्यंत.
'ह्येनंबी आकसण धरलीया,' म्हणाला.
'गोष्ट निवली की माणूस बारीक हुतंय.'

चित्राच्या कोपऱ्यात लाल शिक्के.
एक चित्रकाराचा, एक छापून विकणाऱ्याचा.
'कोरणाऱ्याचा कुठला?'
साहेब वाकून बघत राहिला बराच वेळ,
मग त्यानं मान हलवली. ह्यात नाही.

मोनाप्पा आता कामावर येत नाही. हात थरथरतो.
पॅटर्न मशीन कोरतं, संगणकाच्या हिशोबानं.
परवा कपाट आवरताना
त्याचा जुना इंपेलर हाती लागला.
बुडाशी, नंबर ठोकतात त्याच्या शेजारी,
नखाला लागेल न लागेल अशी
एक उभी रेघ.
दोन्ही अंगाचं लाकूड काढलेलं.

सगळ्या तपासण्यांतून ती सुटली होती.
म्हणजे कुठल्या कुठल्या विहिरींत
पाण्याखाली फिरत असेल तो केस.

मी सँडपेपर उचलला होता.
तो खाली ठेवला, आणि शिंकलो.