डावीकडे

भुसावळला पोचलो की
बॅग टेकायच्या आत मामी फोन पुढे करते:
गॅसचा नंबर लागत नाही, टीव्ही मुका झालाय,
फेगडेकाकूंचा पासवर्ड, जो मीच ठेवला
आणि मीच विसरलो.

यंदा सुपडूमामाने हाक मारली. हळूच.
बत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस,
उजवा हात आता मांडीवर,
कुणी गाडीत विसरलेल्या डब्यासारखा.
डाव्या मुठीत नातवाचा कंट्रोलर.
"ब्रेक उजवीकडे कोनं ठेवला रे भो?"

सेटिंगमध्ये शिरलो.
एकेक बटण उचलून डावीकडे आणलं.
गती. ब्रेक. भोंगा.
मामा प्रत्येकाला मान हलवत होता,
ड्यूटीवर चढण्याआधी हलवायचा तशी.

गाडी सुटली, कुठल्याशा परदेशी बर्फातून.
दोनदा लाल सिग्नल खाल्ला.
तिसऱ्यांदा फलाटाच्या रेघेवर अशी थांबली
की मामी कळण्याची भाकर तव्यावर सोडून
दारात आली.

मामाने भोंगा दाबला.
परत दाबला.
फेगडेकाकू भिंतीपलीकडून ओरडल्या, तरी दाबला.

"आता हे बंद कसं करायचं..." मी सुरुवात केली.
"ते नको शिकवू."