सात युरो चाळीस

रविवारी रात्री हिशेब माझ्याकडेच येतो.
पहिल्या सहलीत कुणीतरी म्हणालं, तू नीटनेटकी वाटतेस,
आणि मी नाही म्हणाले नाही.

तर, बस. ग्राझ ते त्रिएस्ते, जाऊन-येऊन, चौघांची.
यागोदाचं तिकीट चार युरोंनी महाग,
ती शेवटच्या दिवशी हो म्हणाली.

खोली, दोन रात्री, चौथा मजला, लिफ्ट नाही.
किल्ल्या देताना मालकीणबाईंनी विचारलं, कुठून आलात?
चौघं एकदम म्हणालो, ग्राझ.
आमच्या तोंडांकडे नीट बघून त्यांनी
पुन्हा विचारलं, जरा हळू.
क्वाबेना म्हणाला, कुमासी. केतो म्हणाली, कुतैसी.
यागोदाने श्चेचिनेक सांगितलं, मग अक्षर अक्षर करून पुन्हा सांगितलं.
मी नुसतं इंडिया म्हणाले.
मिरज म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं,
हे मला उतरताना सुचलं, दुसऱ्या मजल्यावर.

कॉफी, चार.
कापुचिनो मागितली, ती बोटभर कपात आली.
या गावात कॉफीची नावं निराळी, असं
शेजारच्या टेबलावरचे आजोबा समजावत राहिले,
साखरेच्या पुडीवर चित्रं काढून.
कॉफी, पुन्हा चार. मोठ्या कपात.

छत्र्या, दोन. दोन्ही वाया.
इथल्या वाऱ्याला नाव आहे, बोरा.
मी एकटीच हसले, मला मीठ लावलेली बोरं आठवली,
आणि हे कुणाला कसं सांगायचं
ते कळेना, म्हणून आणखी हसले.
कचऱ्याच्या डब्याडब्यात मोडक्या छत्र्या, काड्या वर करून.
वारा प्यायलेल्या वासरांसारखे आम्ही धक्क्यावर धावलो,
केतोची टोपी गेली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

एका चढावर माझं उचललेलं पाऊल मागेच पडलं.
भाजीची पिशवी घेतलेल्या बाईने, न विचारता,
माझ्या दंडात आपला हात अडकवला.
काहीतरी बोलली, वाऱ्यावर ओरडून.
पूर्वी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधायचे, धरून चालायला,
असं म्हणाली ती, हे क्वाबेनाने नंतर सांगितलं
(पादुआत दोन वर्षं काढलीत त्याने).
मी आभाराचा शब्द शोधेपर्यंत ती दारात शिरली होती.

आणि मग हे.
शनिवार, रात्री नऊ बावन्न, माझ्या कार्डावरून,
सात युरो चाळीस.
दुकानाच्या नावाच्या जागी नुसते आकडे.

आइस्क्रीम, केतो म्हणते. फेब्रुवारीत?
हातमोजे, क्वाबेना म्हणतो,
पण त्याच्या हातात आहेत ते जुनेच, अंगठ्याला भोक पडलेले.
यागोदा खिडकीबाहेर बघते. बाहेर काही नाही,
एक पेट्रोल पंप, मग काळोख.

नऊ बावन्नला आम्ही कुठे होतो?
धक्क्याच्या टोकाला. नाही, तिथे दुकान कुठलं.
तेव्हाच म्हणाली का ती, मार्चमध्ये संपतंय,
नवा करार नाही, श्चेचिनेकला जाईन, आईकडे,
की ते नंतर, जिन्यात, दिवा विझल्यावर?
तिचं नाक लाल होतं एवढं आठवतं.
चौघांच्याही हातात काहीतरी गरम होतं.
काय, ते आठवत नाही.

मारिबोर मागे पडलं. ड्रायव्हरने दिवे घालवले.
केतो क्वाबेनाच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून.
माझे किती? यागोदा कुजबुजते.
मी आकडा सांगते.
ती तिथल्या तिथे पाठवते, माझा फोन मांडीवर थरथरतो.
हिच्याकडे कधी काही राहत नाही, हीच अडचण.

सात चाळीस भागिले चार, एक पंच्याऐंशी.
ते मी धरलेच नाहीत.
एप्रिलमध्ये कधीतरी, एखाद्या बिनकामाच्या संध्याकाळी, लिहीन तिला,
तुझे एक पंच्याऐंशी राहिलेत.
मग ती विचारेल, कशाचे?