ताळा

बालेवाडीच्या हॉलात, टेबलामागे आम्ही दोघं.
गुंजाळ बघतो आणि बोलतो, मी टाइप करते.
"चार, डावा कोपरा, तीनचा, बाहेर.
रिबाउंड अकरा. पास सात. सात, आत."
माझी मान वर होत नाही.
सहा वर्षं मी प्रत्येक सामना
गुंजाळच्या घशातून ऐकलाय.

सोमवार ते शुक्रवार रास्ता पेठ,
वीजबिलांच्या तक्रारींची खिडकी.
एक आकडा इकडचा तिकडे झाला
की साधा माणूस किती वरच्या पट्टीत जातो,
ते मला विचारा.

शनिवारी हरलो. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी.
फ्री थ्रो एकवीसपैकी बारा (यावर काय बोलायचं!),
चेंडू घालवला सतरा वेळा.
जसकरण : पस्तीस मिनिटं, सोळा गुण, दहा रिबाउंड.
दोन्ही रकान्यांत दोन आकडी,
पेपरवाल्यांना तेवढं पुरतं.
आणि सगळ्यात खाली थोपटे, भोरचा :
चार मिनिटं बारा सेकंद,
शून्य शून्य शून्य शून्य, फाउल एक.
ओळ नव्हे, अंड्यांचा ट्रे.

सह्या झाल्या. गुंजाळ कानटोपी घालून गेला.
रात्री धनकवडीत भांडी पालथी घातल्यावर
मी तोच सामना पहिल्यांदा पाहिला,
मोबाइलवर, आवाज बंद करून.
दुसरा क्वार्टर, तीन चाळीस बाकी.
चेंडू कड्यावर दोनदा नाचला,
खाली हातांचं रान.
मी टाइप केलं होतं : बावीस.
आणि बावीस तर जमिनीवर,
उताणा, एका पायातला बूट गायब.
चेंडू ज्याच्या पंजात आला त्याची पाठ वळली :
बत्तीस.

गुंजाळ बत्तीसच म्हणाला असणार.
मागे ढोल होता. मी बावीस ऐकलं.

चौथ्यांदा पाहिलं, सावकाश करून.
थोपटेनं चेंडू छातीशी धरला, क्षणभरच,
आणि लगेच देऊन टाकला,
शेजाऱ्याची वाटी परत करावी तसा.

"एकच तर रिबाउंड, मॅडम," गुंजाळ फोनवर.
"झोपा आता."
खिडकीत मीही असंच म्हणते :
एकच तर युनिट, काका.

दुरुस्ती पाठवली, सोमवारी दहाच्या आत.
संघाची बेरीज अडतीस होती, अडतीसच राहिली.
उभा ताळा जमला, आडवा जमला,
कुठे ओरखडा नाही.
फक्त एकाच्या दहाचे नऊ झाले
आणि खालच्या ओळीत, शून्यांच्या मधोमध,
एक काडी उभी राहिली.

पुढच्या शनिवारी जसकरण टेबलापाशी थांबला.
"ताई, नऊ?"
मी मान वर केली. जवळून बघितलं तर
नुसतं पोरगं, हनुवटीवर टाके.
म्हटलं, व्हिडिओ आहे, दाखवू?
"नको. मी बूट शोधत होतो तेव्हा."
हसला नाही. रागावलाही नसावा.
बाटली उचलून गेला.

यादी आली. बारा नावं. थोपटे नाही.
बत्तीस नंबर वेगळ्याच आडनावापुढे.
गुंजाळ म्हणतो, भोरला शाळेवर लागला,
नाहीतर मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात;
त्यालाही कुणाकडून तरी कळलेलं.
एक आहे त्याच्या नावावर, हे त्याला कुणी सांगितलं का,
ते मी विचारलं नाही.

"गुंजाळ, आजपासून बत्तीस म्हणायचं नाही."
"मग काय म्हणू?"
"तीन-दोन म्हण. सुटं सुटं."

शिट्टी. बूट करकरले. पडद्यावर शून्य-शून्य.
"तीन-दोन," गुंजाळ ओरडला, "उजवीकडून, बाहेर."
टाइप करायचं सोडून
मी वर पाहिलं.
दुसराच कोणी होता.