हजेरीपुस्तक, गेट नंबर दोन

साहेब, मी मिरजोळ्याच्या कोळंबी कारखान्यातला टाइमकीपर.
माझ्या टेबलावर दोन वह्या असायच्या:
निळ्या पुठ्ठ्याची कंपनीची, एकोणतीस नावं,
आणि सुतळीने बांधलेली दुसरी.
तिच्यात दोनशे बाया.

मैमुना होडेकर दुसऱ्या वहीत.
दर अकरा महिन्यांनी ती नवी व्हायची.
नाव खोडायचं, चार दिवस कोरे सोडायचे,
मग तेच नाव, पुढे नवा नंबर.
सहा वर्षांत सहा वेळा रुजू झाली
आणि एकदाही जुनी झाली नाही.

एजन्सीही तशीच. आधी सागरकृपा,
मग न्यू सागरकृपा, मग मेव्हण्याच्या नावावर.
पाट्या बदलल्या, टेम्पो तोच राहिला,
पहाटे साडेचारला कर्ल्याच्या नाक्यावर हॉर्न देणारा.

गमबूट कंपनीचे. एप्रन कंपनीचा, छातीवर माशाचं चित्र.
बर्फ कंपनीचा, बर्फ फोडायचं यंत्र कंपनीचं,
"हात चालवा" म्हणणारा सुपरवायझर कंपनीचा.
यंत्रात गेली ती दोन बोटं तेवढी
एजन्सीची निघाली.

वकीलसाहेब म्हणतात, आमचा हिचा संबंध नाही.
एजन्सी म्हणते, यंत्रावरची जाळी कंपनीने काढलेली, धुवायला,
आम्ही फक्त माणसं पुरवतो.
पुरवतो.
जेटीवर डिझेल पुरवावं तसं.

तिचा बाप मिरकरवाड्याचा तांडेल.
ट्रॉलर त्याचा नव्हता, जाळं नव्हतं,
खलाशीसुद्धा मालकाने कुठून कुठून गोळा केलेले,
एक तर थेट नेपाळचा, समुद्र न पाहिलेला.
तरी जेटी सोडताना तो मोजायचा: आठ.
परतताना मोजायचा: आठ.
एका वर्षी सात भरले.
हा माणूस कुणाचा, हे त्याने कुणाला विचारलं नाही.
तीन दिवस गाड्या बदलत त्या पोराच्या घरी गेला.
भाषा येत नव्हती,
अंगणात नुसता उभा राहिला.

मागच्या तारखेला तुम्ही विचारलंत, पुरावा?
मी सुतळीची वही आणली.
वकीलसाहेबांनी थुंकी लावून पानं उलटली:
ही हजेरीतली सही आणि ही अर्जावरची,
जुळत नाही.
बाई वेगळी असावी.

मैमुना काही बोलली नाही.
ओढणीखालून उजवा हात काढला, टेबलावर ठेवला,
आणि डाव्या हाताने पेन मागितलं.

ते पेन माझं होतं साहेब.
दिवाळीला मिळालेलं, कंपनीचं नाव छापलेलं.
त्या तारखेनंतर आठच दिवसांनी
निळ्या पुठ्ठ्यात अठ्ठावीस नावं उरली.
माझं नाव दुसऱ्या वहीत सापडलं,
एप्रिलपासूनच तिथे असल्यासारखं.

अक्षर माझं नाही.