चष्मा काढल्यावर

सहा आठवड्यांची होती राव्दना
तेव्हा ट्रोम्सोच्या इस्पितळात
तिच्या दोन्ही डोळ्यांतली भिंगं काढली.
दुधाळ होती, साय धरल्यासारखी.
का झाली? एल्लेला दिवस असताना आलेला ताप, कदाचित.
किंवा माझ्या घराण्यातलं काही.
परतीचे सात तास ती गाडीच्या खिडकीकडे बघत होती
आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

मग चष्मा आला. बशीच्या बुडाइतका जाड,
रबरी पट्ट्याने मागून बांधलेला.
त्यातून तिला नीट दिसायचं.
सुईत दोरा ओवायची,
कानाच्या कातरावरून आपलं जनावर ओळखायची.
पण एकटी असली की चष्मा खिशात,
आणि ही बर्फाकडे बघत बसलेली.
सगळं धुरकट दिसत असणार. आम्ही ओरडायचो.

पाचव्या वर्षी म्हणाली, "बाबा, चढावर काळं पसरलंय."
मला नुसतं पांढरं.
घंटावाली मादी माझ्या आधी तिकडे गेली.
बर्फातून डोकावणारं पांढुरकं दगडफूल होतं,
मी ते तुडवून पुढे गेलो असतो.

विजेच्या तारांखाली तर ती पाऊलच टाकेना.
म्हणे, संधिप्रकाशात तारा फुटतात.
मी कान लावला. नुसती गुणगुण.
कंपनीच्या माणसाला मी वर्षानुवर्षं सांगतोय,
कळप या तारांखालून जात नाही.
तो म्हणतो, जनावराला काय कळतं.
आता माझी मुलगीच जाईना.

शाळेतून वहीवर शेरा आला:
बर्फ जांभळट काढते, रंग शिकवावेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
भिंग म्हणजे नुसतं भिंग नसतं, चाळणीही असते.
उन्हाचा एक पदर असतो, जांभळ्याच्याही पलीकडचा.
आपल्या डोळ्यांत तो दारातच अडतो, जन्मभर.
हिच्या दाराला कडीच नाही. चष्म्याची काच अडवते तेवढीच.
रेनडिअरलाही तो दिसतो म्हणतात.
कदाचित, त्या म्हणाल्या.
हा शब्द त्यांनी तीनदा वापरला.
नंतर म्हणाल्या, मुलं काहीबाही सांगतातही.

रेनडिअरच्या अंगरंगांना आमच्यात ढीगभर शब्द.
मी एकेक म्हणून दाखवला.
राव्दना प्रत्येकाला मान हलवत राहिली.
शेवटी म्हणाली, "जांभळा थंडीने गारठून मेला तर होईल तसा."
मग म्हणाली, "नाही. तसाही नाही."

आता ती नऊ वर्षांची आहे.
मार्चमध्ये नवी भिंगं बसतील, आतून, कायमची.
जाड चष्मा जाईल, पोरं तिला बशी म्हणायची थांबतील.
नव्या भिंगात चाळणी असते.
बिनचाळणीची मिळतात का, मी विचारलं.
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आतल्या पडद्याला ऊन लागतं,
आणि ते कळतं चाळीस वर्षांनी.
कागद चुलीवरच्या फळीवर आहे. एल्लेची सही झाली.
राव्दनाने एवढंच विचारलं,
"मग फक्त कळपालाच दिसेल?"

काल दुपारी, म्हणजे आमच्याकडे उजेड संपताना,
ती मला तारांपाशी घेऊन गेली.
चष्मा काढून माझ्या हातात दिला.
काचा अजून तिच्या श्वासाने ओल्या.
"आता," ती म्हणाली.
मी वर बघितलं. करडं आभाळ, तीन काळ्या रेघा.
"आता."
हो, मी म्हणालो.
"आणि आता."
हो.
आमच्या मागे, लांबच थांबलेल्या मादीची घंटा
दर 'आता'ला
एकदा हलत होती.