चावीवाला

चौतीस वर्षं पूर्णा ते चुडाव्याच्या अलीकडचा मैलदगड,
खांद्यावर हातोडा, पाना, काखेत लाल झेंडी.
जाताना डावा रूळ, येताना उजवा.
पावलं कधी मोजली नाहीत,
मोजायच्या त्या चाव्या.
ठोकल्यावर खण्ण वाजली तर घट्ट,
बद्द वाजली तर सैल.
डोळ्यांच्या आधी कानाला कळायचं.

रिटायर झालो आणि खुर्ची घेतली.
निळी, प्लास्टिकची, हातांची.
दारात बसून गाड्या ऐकायच्या, चहा प्यायचा.
पंचफुला दोन चमचे घालायची, मी तिसरा मागायचो.
दोन वर्षांत रक्तात काय साठलं
ते सोळंके डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल करून दाखवलं.
म्हणाल्या, रोज चाळीस मिनिटं चाला.
मला हसूच आलं.
नातवानं मोबाईलवर हिशेब केलाय बाई,
पृथ्वीला तीन वेढे होतील एवढं चाललोय मी.
त्या म्हणाल्या, ते खर्च झालं काका.
आजचं बोला.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानाला आठ फेऱ्या.
पहिल्या आठवड्यात लाज वाटायची,
कुणी विचारलं, कुठं निघालात, तर काय सांगावं?
कुठंच न जाता पुन्हा तिथंच येणं
हेही काम असतं, पायांना पटेना.
घरात भाताची वाटी लहान झाली,
करडईचं तेल पळीऐवजी चमच्यानं पडायला लागलं,
येसर आमटी तेवढी राहिली, देवाची कृपा.
साखरेचा चहा आता गिळवतच नाही,
असं मी चारचौघांत सांगतो.
खोटं आहे.

मग मानवतला भाच्याचं लग्न.
बुंदी घेऊन तीन वाढपे आले,
एकालाही नाही म्हणता आलं नाही.
दुसऱ्या दिवशी अंग जड,
तिसऱ्या दिवशी थंडी,
मग उद्या, मग सोमवारपासून.
एकोणीस दिवस खुर्चीनं मला सोडलं नाही.
तीनशे बारा.
बाई रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री पंचफुला बॅटरी घेऊन पायाशी बसते,
तळवे पालथे करून बघते, बोटांच्या बेचक्यातसुद्धा.
हिवाळ्यात पहाटे रूळ आकसतो,
केसाएवढा तडा जातो कुठंतरी,
मी असाच वाकायचो, असंच बोट फिरवायचो.
"लागतंय का?"
लागतंय.
"इथं?"
लागतंय म्हणालो.
तिनं बोट हलवलं नाही, नुसती बघत राहिली.
नाही लागत, म्हणालो मग.

नव्यानं भरती झालेल्या एका पोरानं विचारलं होतं,
कालच ठोकली ना बाबा, आज कामून सैल?
वरून गाडी जाते म्हणून, मी म्हणालो होतो,
आणि पुढच्या स्लीपरकडं वळलो होतो.

आज विसावा दिवस.
बुटांत हात घालून आधी खडा बघितला, मग पाय घातला.
गेटाच्या पायरीवर खाजाभाई बसलाय,
लोको शेडचा जुना फिटर.
डाव्या पायाचा अंगठा नांदेडला ठेवून आलो, म्हणतो,
जसं काही छत्री विसरली.
मी चालतो, तो मोजतो.
त्याच्या मोजण्यात खोट आहे.
"छे हुए, मारोतराव!"
झाल्यात सात, मला पक्कं ठाऊक.

चुडाव्याकडून पॅसेंजर येतेय.
जमीन हलते, उजव्या तळव्याला कळतं,
डाव्याला कानानं सांगावं लागतं.
मी काही बोलत नाही.
सातवी चालायला घेतो.